उस्ताद एका गावी, शागिर्द चार गावी

धंदा वाढला की माणसे लांब लांब बसवावी लागतात, हे आपल्या व्यापारी बांधवांना नव्याने सांगायला नको. कारखाना मालेगावात असतो, गोदाम भिवंडीत असते, सिंथेटिक मालासाठी सुरतेत एक माणूस लागतो आणि ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पालीला जाते म्हणून तिथेही कोणीतरी ठेवावा लागतो. आमच्या छोट्याशा पेढीची हीच तऱ्हा आहे. पूर्वी हा सारा कारभार टपाल, तार आणि ट्रंक कॉलवर चालत असे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. गाडी निघाली की नाही, पैसे जमा झाले की नाही, हे मिनिटाभरात कळते. परंतु एक गोष्ट मात्र मागेच राहिली. लांबच्या गावी बसलेल्या नव्या माणसाला काम शिकवायचे कोणी आणि कसे?

या प्रश्नाचे उत्तर हल्ली फार सोपे समजले जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, झूमवर बैठक घेतली, गुगलवर एक तक्ता टाकला की तालीम झाली! आम्हीही असेच समजत होतो. त्याची किंमत आम्ही मोजली आहे. म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहोत.

जुनी रीत काय होती?

आम्ही धंद्यात आलो तेव्हा आम्हाला ताका तपासायला शिकवणारा वर्ग कुठेच नव्हता. आम्ही उस्तादांच्या शेजारी बसलो, एवढेच. ते ताका उलगडत, उजेडासमोर धरत आणि एका जागी बोट ठेवून दाखवत. कुठे ताण्याची तार सुटलेली असे, कुठे बाण्याचा पातळ पट्टा पडलेला असे, कुठे तेलाचा डाग असे. चार-आठ दिवस गेले की ते बोलणे बंद करत. मग बोट आम्हाला ठेवायला लावत. दोष नजरेतून सुटला तर ताका पुन्हा उलगडावा लागे. रागावणे कमी, उलगडणे जास्त. आमची नजर अशी तयार झाली.

ही रीत अडाणीपणाची होती असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जुने कामगार फौजेत गेले आणि कारखान्यांत नवखी माणसे भरावी लागली. तेव्हा तेथील सरकारने १९४० मध्ये कारखान्यांतील तालमीची एक मोठी योजना सुरू केली. ती १९४५ पर्यंत चालली. त्या योजनेत मुकादमांना शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या जात. पहिली, शिकणाऱ्याची भीती घालवावी आणि त्याला आधीपासून किती येते ते विचारावे. दुसरी, काम तुकड्यातुकड्याने सांगावे व करून दाखवावे. तिसरी, त्याच्याकडून ते करवून घ्यावे आणि करताना त्यालाच बोलायला लावावे. चौथी, त्याला कामावर सोडावे, पण अधूनमधून जाऊन पाहावे. कामगार शिकला नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा, असे त्या योजनेत मानले जाई. युद्धानंतर हीच पद्धत जपानच्या कारखान्यांत रुजली. आता सांगा, आपले उस्ताद याहून वेगळे काय करत होते?

फरक एवढाच की, आपली रीत एका चटईवर बसून चालणारी होती. उस्ताद मालेगावात आणि शागिर्द पालीला, अशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ती आपल्यावर आली आहे.

आमची चूक

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बाजार बंद पडले आणि आमच्यासारख्या लोकांनी पहिल्यांदा पडद्यावर एकमेकांचे चेहरे पाहिले. त्या दिवसांत ख्यालीखुशाली विचारण्यासाठी आणि अडकलेल्या मालाचा हिशेब लावण्यासाठी या साधनांचा मोठा आधार झाला. पुढे बाजार उघडले तरी सवय राहिली. मग आम्हाला वाटले की, आता तालीमही याच मार्गाने द्यावी.

२०२२ मध्ये आम्ही ताका तपासण्याचे नियम दोन पानांवर टाइप करून घेतले. भाषा मराठी, त्यात इंग्रजी शब्दांची भर. ती पाने ग्रुपवर टाकली. तासाभरात चारही गावांहून अंगठे आले. कोणी ‘ओके’ लिहिले, कोणी ‘समजले’ लिहिले. नंतर झूमवर एक बैठक घेतली. त्यात तासभर आम्हीच बोललो. झूमची फुकटची बैठक चाळीस मिनिटांत बंद पडते, म्हणून मध्येच ती दुसऱ्यांदा जोडली आणि पुन्हा आम्हीच बोललो. शेवटी विचारले, ‘काही शंका?’ कोणालाच शंका नव्हती. आम्ही खूश झालो.

दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने एकवीस ताके परत पाठवले. भोके आणि डाग तपासले गेले होते, पण पातळ पट्टे आणि सुटलेल्या तारा तशाच पुढे गेल्या होत्या. रंग चढल्यावर ते दोष उघडे पडले. रंगाईचा खर्च गेला, दोन्हीकडचे भाडे गेले आणि बारा वर्षांचे गिऱ्हाईक नाराज झाले.

माल तपासणारा मुलगा भिवंडीच्या गोदामात होता. तो उत्तर प्रदेशातून आलेला, कामाला चोख, स्वभावाने गरीब. आम्ही भिवंडीला गेलो, त्याला शेजारी बसवले आणि त्या पानांतील एक ओळ वाचायला सांगितली. तो वाचू शकला नाही. त्याला उर्दू येते, हिंदी अडखळत येते, मराठी येत नाही. तो म्हणाला, “सेठ, सगळ्यांनी अंगठा दिला म्हणून मीही दिला. एकट्याने विचारले असते तर लोक हसले असते.”

हे ऐकून आम्हाला स्वतःचीच शरम वाटली. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तरुणपणी कचेरीतला मराठी कागद हाती आला की आम्हीही मान हलवून ‘समजले’ म्हणत असू आणि बाहेर येऊन कोणाकडून तरी तो वाचून घेत असू. हे सारे भोगलेल्या माणसाने आपल्याच नोकराला तोच कागद द्यावा आणि त्याच्या अंगठ्यावर भरवसा ठेवावा, यापेक्षा मोठी चूक कोणती? नुकसान त्याच्या पगारातून कापा, असे आम्हाला काहींनी सुचवले. आम्ही कापले नाही. कारण चूक त्याची नव्हती. शिकवले कोणी नव्हते, फक्त सांगितले होते.

मग काय बदलले?

पहिला बदल असा की, बैठकीच्या आधी नमुना गेला पाहिजे. कापडाचा पोत पडद्यावर कळत नाही. कॅमेऱ्यात पांढरा रंग पिवळा दिसतो आणि बारीक दोष तर दिसतच नाही. म्हणून आम्ही बारा प्रकारचे दोष असलेले तुकडे कापले, पुठ्ठ्यावर चिकटवले, त्यांना एक ते बारा नंबर दिले आणि एकेक पुठ्ठा चारही ठिकाणी कुरियरने पाठवला. पातळ पट्टा पूर्ण पन्नाभर असतो, त्यामुळे एकाच पट्ट्याचे चार तुकडे झाले. भोके मात्र वेगवेगळ्या ताक्यांतून शोधावी लागली. या कामात तीन दिवस गेले, पण बैठकीत ‘सात नंबर हातात घ्या’ म्हटले की चारही गावी एकाच दोषावर बोट पडू लागले.

दुसरा बदल म्हणजे बोलण्याची पाळी. आता आमची बैठक चाळीस मिनिटांचीच असते. पहिली दहा मिनिटे शिकवणारा बोलतो. उरलेली तीस मिनिटे शिकणाऱ्यांची. प्रत्येकाने फोन ताक्यासमोर धरायचा, दोष शोधायचा आणि तो कोणता व का झाला हे आपल्या तोंडाने सांगायचे. गप्प बसणाऱ्याला सर्वांसमोर टोकायचे नाही. त्याला नंतर वेगळा फोन करायचा. ‘समजले का?’ हा प्रश्न आम्ही बंदच केला आहे. त्याऐवजी ‘दाखव’ म्हणतो.

तिसरा बदल भाषेचा. लेखी पाने बंद केली. प्रत्येक दोषासाठी मिनिटभराचा बोललेला निरोप आणि एक छोटी चित्रफीत केली. बोली आपली नेहमीची, बाजारात सर्वांना कळणारी. या फिती ग्रुपमध्ये ठेवल्या तर चार दिवसांत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडल्या जातात. म्हणून त्या गुगल ड्राइव्हवर पुठ्ठ्याच्याच नंबरांनी ठेवल्या. पंधरा जीबीपर्यंत त्याला पैसा पडत नाही. नवा मुलगा आला की तो सात नंबरचा तुकडा हातात घेतो आणि सात नंबरची फीत लावतो. सामाईक तक्त्यात ज्याला जी लिपी येते तीत शेरा लिहावा. उर्दू, गुजराती, देवनागरी एकाच पानावर नांदतात. आकडे मात्र सर्वांचे सारखे.

आकड्यांनी नजर तपासावी

हे आकडे कसले, ते सांगितले पाहिजे. कापड तपासण्याची चार गुणांची एक पद्धत निर्यात बाजारात सर्रास वापरली जाते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, तीन ते सहा इंचांना दोन, सहा ते नऊ इंचांना तीन आणि नऊ इंचांपेक्षा मोठ्या दोषाला चार. एका वारात चारपेक्षा जास्त गुण धरत नाहीत. मग शंभर चौरस वारामागे किती गुण पडले ते काढतात. साधारणपणे चाळीसपर्यंत गुण असलेला माल चालतो, अर्थात हा आकडा गिऱ्हाइकाशी आधीच ठरवून घ्यावा.

उदाहरणार्थ, शंभर वार लांब आणि ४४ इंच पन्न्याचा ताका आहे व त्यात एकूण ४४ गुणांचे दोष निघाले. तर ४४ ला ३६०० ने गुणावे आणि १०० व ४४ यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर ३६ येते. माल चालण्याजोगा आहे. हा हिशेब तक्त्यात एकदा बसवला की लांबी, पन्ना आणि गुण भरताच उत्तर आपोआप येते.

दर आठवड्याला प्रत्येक ठिकाणचा एक तपासलेला ताका आमचा जुना जाणकार माणूस पुन्हा तपासतो. जवळच्या गावचा ताका माघारी येतो, लांबचा असेल तर तो स्वतः फेरीवर गेला की तिथेच पाहतो. त्याचा आकडा ३६ आणि मुलाचा ३४ असेल तर काळजी नाही. त्याचा ३६ आणि मुलाचा १८ असेल तर त्या मुलाची नजर अजून तयार झालेली नाही, किंवा गोदामात उजेड कमी आहे. एका ठिकाणी खरोखरच उजेडाचा दोष निघाला. दिवा बदलला आणि आकडे जुळू लागले. एरवी आम्ही त्या मुलालाच दोष दिला असता.

सप्टेंबर २०२५ ची परीक्षा

आमच्या या पद्धतीची खरी परीक्षा २०२५ मध्ये झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर बदलले आणि ते २२ सप्टेंबरपासून लागू झाले. हाती एकोणीस दिवस. कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तयार कपड्यांत पूर्वी एक हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. सुती कापडाचा ५ टक्के दर होता तसाच राहिला.

आम्ही नियमांचे कागद पाठवले नाहीत. सहा नमुना बिले केली आणि चारही ठिकाणी पाठवली. नऊशेचा कुर्ता, अठराशेचा कुर्ता, सव्वीसशेचा कुर्ता, पॉलिएस्टरचे सूत, सुती कापड आणि सहावे बिल मुद्दाम गोंधळाचे, म्हणजे माल २१ तारखेला निघालेला व बिल २३ तारखेचे. प्रत्येकाने बिल बनवून पडद्यावर दाखवायचे. पहिल्या दिवशी अठराशेच्या कुर्त्यावर दोघांनी जुनाच १२ टक्के कर लावला. सव्वीसशेच्या कुर्त्यावर एकाने ५ टक्के लावला, कारण ‘कर कमी झाला’ एवढेच त्याने बातम्यांत ऐकले होते. सहाव्या बिलासाठी आम्ही कर सल्लागारांनाच बैठकीत बसवले, कारण जे आपल्याला नक्की माहीत नाही ते शिकवू नये. तीन बैठकांत सर्वांची सहाही बिले बरोबर आली. २२ तारखेला चारही ठिकाणी बिले बिनचूक निघाली. या वेळी एकही अंगठा आला नव्हता.

काय साधत नाही

या साधनांची स्तुती करताना त्यांची हद्दही सांगितली पाहिजे. मागाचा जॉबर पडद्यावर तयार होत नाही. मागाचा आवाज बदलला की कुठला भाग ढिला झाला हे कानाने आणि हाताने कळते, ते फोनमधून कळत नाही. कापडाचा हात, रंगाचा उतार, सुताचा पीळ, या गोष्टी प्रत्यक्षच शिकाव्या लागतात. म्हणून नवा माणूस घेतला की पहिले दोन आठवडे आम्ही त्याला मालेगावात जाणकाराशेजारी बसवतो. नंतरचे काम फोनवर. ओळख समोरासमोर आणि सराव पडद्यावर, असा आमचा अनुभव आहे. ओळखच नसेल तर पडद्यावरचा माणूस शंका विचारत नाही.

वेळेचेही भान हवे. मालेगावचे माग शुक्रवारी बंद, सुरतेचा बाजार रविवारी बंद. या दोन्ही दिवशी बैठक ठेवली तर कोणाची तरी सुटी जाते. आम्ही बुधवारी दुपारी ठेवतो आणि अस्रच्या आधी संपवतो. रात्री दहा वाजता नोकराला पडद्यासमोर बसवणे ही तालीम नाही, जुलूम आहे. तालमीचा वेळ कामाचाच वेळ धरावा आणि रिचार्जचा खर्च मालकाने द्यावा.

काही बंधू म्हणतात, शिकवलेला माणूस उद्या दुसरीकडे गेला तर? जाईल, काही जातातही. पण न शिकवलेला माणूस आपल्याकडेच राहिला तर होणारे नुकसान आम्ही वर सांगितले आहे. दुसरी भीती गुपितांची. तीत तथ्य आहे. गिऱ्हाइकांचे भाव आणि खात्याचे आकडे ही आपल्याकडची अमानत आहे. तालमीचा ग्रुप व तक्ता वेगळा ठेवावा, त्यात खरे भाव घालू नयेत, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे नाव काढावे. एवढी काळजी पुरेशी आहे.

ज्यांची एकच खोली आहे त्यांनी

हे वाचून एखादा कारागीर म्हणेल की, आमच्याकडे ना चार कचेऱ्या ना चार माणसे. परंतु विचार करा. शिलाईचे आणि भरतकामाचे काम किती घरांत वाटले जाते! तीही लांबलांबची ठिकाणेच आहेत. काम देणारा कपडा देतो आणि आठवड्याने चुका काढून मजुरी कापतो. त्याऐवजी एक पुरा केलेला नमुना प्रत्येक घरी दिला, टाक्याची मिनिटाची फीत पाठवली आणि पहिला नग तयार होताच त्याचा फोटो मागितला, तर बाकीचे नग वाया जात नाहीत. घरी काम करणाऱ्या बहिणींसाठी शिकवणारी बाईच असावी व ग्रुपही त्यांचाच असावा. कॅमेरा चेहऱ्यावर लागतच नाही, तो हातावर आणि सुईवर लावायचा असतो. ज्या बाईला घर सोडून शिकायला जाणे शक्य नाही, तिच्यापर्यंत हुनर पोहोचवण्याचा हा सोपा मार्ग आहे. कापली जाणारी मजुरी वाचेल, हा फायदा वेगळाच.

सांगण्याचे तात्पर्य एवढेच. साधने चांगली आहेत, बरीचशी फुकट आहेत आणि आपल्या हातात आहेत. पण फोन उस्ताद होत नाही. उस्तादाचे काम उस्तादालाच करावे लागते. नमुना हातात द्यावा, कमी बोलावे, करवून घ्यावे आणि पुन्हा पाहावे. आमच्याकडे अजून दोन जाणकार माणसे आहेत, दोघांचीही साठी उलटली आहे. त्यांच्या नजरेतले जेवढे पुढच्या मुलांच्या नजरेत उतरेल तेवढेच पेढीत राहील. आपल्याकडेही अशी माणसे असतील. ती घरी बसण्याआधी या आठवड्यात एक पुठ्ठा घ्यावा, बारा तुकडे चिकटवावेत आणि सुरुवात करावी.

भिवंडीचा तो मुलगा आता तिथल्या दोन नव्या मुलांना शिकवतो. मागच्या बैठकीत एकाने ‘समजले’ म्हटले, तेव्हा आमच्या आधी तोच म्हणाला, “दाखव.”